विसाव्याचे पाणी

शास्त्रपाठ : स्तोत्र २३:२, अनुवाद ५:१२-१५, मार्क ६:३०-४४



चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवर कोवलम नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. एके काळी तेथे किल्ला होता. १७५२ साली रॉबर्ट क्लाईव्हने तो जिंकला. आता तेथे समुद्रालगत ताज समूहाचे ‘फिशरमन्स कोव्ह’ हे आलिशान विश्रामस्थान आहे. ते १९७४ साली सुरू झाले. नावाचा अर्थ मच्छीमारांची खाडी. आत समुद्राकडे तोंड केलेली कॉटेजेस, पोहण्याचा तलाव आणि सुगंधी तेलाने अंगमर्दन करणारा स्पा. बाहेर त्याच किनाऱ्यावर होड्या लोटणारे, जाळी विणणारे कोळी.

आज आपल्या मंडळ्यांतील काही कुटुंबांनाही अशा ठिकाणी दोन दिवस राहणे परवडते. मुले नोकरीला लागतात व थकलेल्या आईवडिलांना हौसेने घेऊन जातात. मग मनात प्रश्न उभा राहतो : ख्रिस्ती माणसाला हे शोभते काय?

पवित्र शास्त्र विसाव्याला पाप म्हणत नाही. शिष्य सेवा करून परतले, त्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा प्रभूनेच त्यांना एकांतात विसाव्यासाठी बोलावले. देहाचा थकवा त्याला ठाऊक होता. तो स्वतः मचव्यात उशीवर डोके ठेवून झोपला होता. म्हणून थकलेल्या देहाला विसावा देताना अपराधी वाटण्याचे कारण नाही.

तथापि विसावा म्हणजे काय, हे शास्त्राच्या शब्दांतूनच समजून घ्यावे. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळ ज्या पाण्याजवळ नेतो, त्याला आपण संथ पाणी म्हणतो. मूळ इब्री शब्द ‘मनूखोत’. त्याचा सरळ अर्थ विसाव्याचे पाणी. याच धातूचे क्रियापद अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाच्या आज्ञेत येते. तेथे सांगितलेला हेतू असा की, तुझ्या दासाला व दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. जुन्या ग्रीक भाषांतराने दोन्ही ठिकाणी एकाच कुळातले शब्द योजले, आणि मत्तय ११ मध्ये भाराक्रांतांना बोलावताना प्रभूच्या मुखी त्याच कुळातला शब्द आहे. स्तोत्रातले पाणी, दासीची सुट्टी आणि ख्रिस्ताचे आमंत्रण हे तिन्ही एकाच शब्दाने बांधलेले आहेत. मग ज्या विसाव्यातून दासी वगळली जाते, त्याला शास्त्रातला विसावा कसे म्हणावे?

आमोस संदेष्ट्याने हस्तिदंती पलंगांवर पहुडणाऱ्या व उंची तेल लावणाऱ्या श्रीमंतांना धिक्कारले. त्यांचा खरा अपराध तेलाचा नव्हता. योसेफाच्या घराण्याचा नाश त्यांच्या डोळ्यांसमोर होत होता आणि त्यांना त्याचे दुःख नव्हते, हा होता.

२६ डिसेंबर २००४ रोजी, रविवारी सकाळी, त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. लाटेने कोळ्याची झोपडी व पाहुण्याची खोली यांत भेद केला नाही. पण पाहुण्याला परत जायला दुसरे घर असते; कोळ्याचे घर, होडी आणि जाळे सारे त्या किनाऱ्यावरच असते. पाणी आपोआप कोणाला विसावा देत नाही. विसावा देणारा मेंढपाळ आहे, आणि त्याच्या कळपात आपण एकटे नाही.

म्हणून सुट्टीवर जाताना स्वतःला काही साधे प्रश्न विचारू या. आपण चार दिवस समुद्रकाठी जातो, तेव्हा आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला त्या दिवसांची पगारी सुट्टी मिळते, की तिचे चार दिवस कापले जातात? आपली खोली झाडणाऱ्या मुलाचे नाव आपण विचारतो काय? मंडळीच्या पाळकाला, वर्षानुवर्षे रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला दोन दिवसांची उसंत मिळावी, म्हणून आपण त्यांचे काम कधी अंगावर घेतले आहे काय?

शिष्यांचा तो एकांत लवकरच मोडला. लोक आधीच तेथे पोहोचले होते. प्रभू त्यांच्यावर रागावला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते दिसले आणि त्याला कळवळा आला. त्याने त्यांना शिकवले, मग हिरव्या गवतावर बसवून तृप्त केले. स्तोत्रातले हिरवे कुरण त्या दिवशी सर्वांसाठी खुले झाले.

तोच उत्तम मेंढपाळ आपल्याला विसाव्याच्या पाण्याजवळ नेवो, आणि तेथे जाताना कोणाचा तरी हात आपल्या हातात असो. आमेन.