कच्चा लिंबू

दिवाळीत राजूरला आमच्या घरी पोरांचा गराडा असतो. बहिणीची मुलं पुण्याहून येतात, भावाची इथलीच. भात कापून खळ्यावर आलेलं असतं, मोठी माणसं त्यात गुंतलेली, आणि संध्याकाळी ओटीवर पोरांचं राज्य. यंदा मोठ्या भाच्याने नवा खेळ आणला, डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि अवघड जागी वीस बाजूंचा फासा टाकून जमलं की फसलं ते ठरतं. सुरुवातीला आपण कोण व्हायचं ते निवडायचं. कोणी योद्धा झालं, कोणी जादूगार. माझी आठ वर्षांची पुतणी सगळ्यांत धाकटी, म्हणून भाच्याने तिच्यासाठी हौसेने एक दांडगा गडी काढून ठेवला होता. तिने चित्रं उलटली आणि तीन फुटी हाफलिंगवर बोट ठेवलं. "मला ही पाहिजे."

मला नवल वाटलं. दिवसभर 'तू लहान आहेस, तू थांब' हे जिच्या कानावर पडतं, तिला मोठं व्हायची आयती संधी मिळाली होती.

पण असं करणारी ती एकटी नाही. हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्यातले हे बुटके लोक टोल्किनच्या 1937 सालच्या 'द हॉबिट' या कादंबरीतून आले. पहिल्या पुस्तिकांत नावही हॉबिटच होतं, पुढे टोल्किनच्या साहित्याचे हक्क असणाऱ्यांनी हरकत घेतल्यावर ते हाफलिंग झालं. गायगॅक्सचा स्वतःचा ओढा तलवारबहाद्दरांकडे. त्या वेळच्या नियमात हाफलिंगने फक्त लढवय्या व्हायचं आणि चौथ्या पायरीवर थांबायचं. बाकीचे पुढे जाणार, हा तिथेच. तरी लोक हाफलिंग घेत राहिले. पन्नास वर्षांत खेळाचे नियम किती वेळा बदलले, हे बुटकं माणूस काही त्यातून गेलं नाही.

भाच्याकडे 2014 ची नियमावली होती. त्यात हाफलिंगची चाल माणसापेक्षा आखूड आहे, जड हत्यार त्याला पेलत नाही. मात्र धिप्पाड माणसाच्या तंगड्यांमधून तो निसटू शकतो. समोर भीतीदायक काही आलं तर दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरतो. आणि फाशावर एक पडला, म्हणजे सगळ्यांत वाईट दान पडलं, तर त्याला पुन्हा टाकता येतो.

हे शेवटचं ऐकलं आणि मी मनात म्हटलं, हा तर आपला कच्चा लिंबू! लपंडाव असो की विषामृत, सगळ्यांत लहान पोराला आपण कच्चा लिंबू करतो. तो बाद झाला तरी बाद नाही. ही सवलत मायेची खरी, पण ती पोराला झोंबते, कारण त्याने गडी पकडला तरी तोही धरला जात नाही. तो खेळात असतो आणि नसतोही. मी स्वतः चुलतभावांत धाकटा. धावत जाऊन गडी शिवल्यावर "अरे, तो कच्चा लिंबू आहे" हे शब्द ऐकले की घशात आवंढा यायचा, तो अजून आठवतो.

हाफलिंगची सवलत या जातीची नाही. पुतणीचा पहिलाच फासा एकावर थांबला. तिचं तोंड उतरलं. भाचा म्हणाला, "थांब, तू हाफलिंग आहेस. परत टाक." तिने दोन्ही तळहातांत फासा खुळखुळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. सतरा! पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली तिच्या हातात आली, आणि त्या किल्लीवर सगळ्यांची सुटका झाली. तिचा डाव धरला गेला होता.

आणखी एक गोष्ट मला जाणवली. लहान माणसासाठी जग पूर्ण आकाराचं राहतं. मागे आम्ही बारीतून कळसूबाई चढलो होतो. 1646 मीटरचा डोंगर, पण माझं लक्ष घड्याळाकडे आणि गुडघ्यांकडे. लोखंडी शिड्या किती, हे मला कधी सांगता आलं नसतं. पुतणीने त्या एकेक करून मोजल्या, कारण तिच्यासाठी प्रत्येक शिडी स्वतंत्र चढाई होती. राक्षसाएवढं होऊन खेळलं तर भिंत ओलांडायची आणि पुढे जायचं. तीन फुटांचं झालं की तीच भिंत एक अख्खी गोष्ट होते.

आमच्या अकोले तालुक्यात हे कळायला फार लांब जावं लागत नाही. प्रवरेच्या काठी अगस्तींचा आश्रम आहे. घड्यात जन्मलेला हा ऋषी. तमिळमध्ये त्यांना कुरुमुनी, म्हणजे बुटका मुनी म्हणतात. कालेय दैत्य समुद्रात लपले, तेव्हा देवांनी याच मुनीला गाठलं आणि त्याने समुद्र पिऊन टाकला. पिणारा एवढासा, म्हणून समुद्र केवढा हे आपल्याला दिसतं. वामनही बुटकाच. पण त्याने तीन पावलांत बळीराजाचं त्रिभुवन व्यापलं, आणि आपण पाडव्याला अजूनही बळीचंच राज्य मागतो. आपल्या लोकांच्या मनाचा हा कौल मला फार खरा वाटतो. बुटक्याने शेवटी विराट होऊन जिंकलं, की आपला जीव हरलेल्याकडे जातो. अगस्ती बुटकेच राहिले.

भाऊबीजेच्या रात्री खेळ पुढे सरकला. बंद दरवाजा आला. योद्ध्याने कुऱ्हाड घातली, फासा पडला, दार हललं नाही. जादूगाराचा मंत्रही वाया गेला. पुतणी म्हणाली, "दादा, दाराखाली फट आहे का?"

भाच्याच्या वहीत दार होतं, कुलूप होतं, फट नव्हती. तो थोडा थांबला, मग पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "आहे. एक वीत."

ती ओटीवर पालथी झाली, सारवलेल्या जमिनीला गाल टेकला, एक डोळा मिटला. "कुणाचे पाय दिसतात?"