थोर सुतार

तंजावरला गेलेला मराठी वाचक बृहदीश्वर मंदिरातील भोसले वंशाचा लेख पाहिल्यावाचून परतत नाही. सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरविला. त्याच मंदिरावर, त्याहून सुमारे आठ शतकांनी जुने, राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. मंदिराच्या सेवकांची नावे आणि त्यांना मिळणारे धान्याचे वाटे त्यांत नोंदलेले आहेत. मुख्य स्थपती कुंजरमल्लन याची पदवी तेथे आढळते: ‘राजराज पेरुंतच्चन’. ‘तच्चन’ म्हणजे सुतार. पेरुंतच्चन म्हणजे थोर सुतार. त्याच्यामागे नोंदलेल्या दोघांनाही हीच पदवी आहे. माणूस कितीही वर चढला, तरी त्याच्या नावातील सुतार सुटला नाही.

भाषांतरकाराला येथे नव्या कराराची ग्रीक आठवते. मार्काच्या शुभवर्तमानात नासरेथचे लोक येशूला ‘टेक्टोन’, म्हणजे सुतार, म्हणतात. करिंथकरांस लिहिताना पौल स्वतःला ‘आर्खिटेक्टोन’, म्हणजे मुख्य कारागीर, म्हणवितो. हाच शब्द इंग्रजीतून आज संगणकाच्या कचेरीत ‘आर्किटेक्ट’ या हुद्द्याने नांदतो.

तंजावरच्याच एका मराठी कुटुंबातील तरुणाने मला पेचात टाकले. चेन्नईत तो संकेतस्थळे घडविणाऱ्या एका चमूत आहे. ज्युनियर, सीनियर, टीम लीड अशा पायऱ्या तो चढला; आता पुढची पायरी मॅनेजरची. पगार वाढेल, परंतु कोड लिहिणे थांबेल; दिवस जाईल बैठकांत, वेळापत्रकांत आणि दहा जणांच्या रजांत. त्याने विचारले, “काका, नाही म्हटले तर मी माझा रुपया जमिनीत पुरला असे होईल का?”

मी चटकन ‘नाही’ म्हणणार होतो, कारण हा अनुभव माझाही आहे. एका भाषांतर प्रकल्पाचा समन्वयक झालो, त्या वर्षी मी अहवाल पुष्कळ लिहिले. भाषांतर मात्र एका अध्यायाचेही झाले नाही.

पण इथ्रोने मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमण्यास सांगितले, तेव्हा मोशे कामाखाली खचत चालला होता. व्यवस्था कोणी तरी पाहिलीच पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पंक्तीची व्यवस्था सात जणांकडे जाते आणि वचनाचे काम प्रेषितांकडे राहते. परंतु मूळ ग्रीकमध्ये दोहोंसाठी एकाच धातूचे, ‘सेवा’ या अर्थाचे शब्द आहेत. तेथे कोणी कोणाच्या वर चढत नाही. आपल्या कचेऱ्यांनी मात्र पंक्तिसेवेला वरची पायरी केले. काही कंपन्यांत कारागिरालाही व्यवस्थापकाच्या बरोबरीने चढण्याची वेगळी शिडी असते. त्याच्या कंपनीत ती नाही.

आणि दुसरी बाजूही टोचते. ‘मला माझी कारागिरीच प्रिय’ या म्हणण्यात दहा माणसांची कटकट टाळण्याचा स्वार्थ असू शकतो. हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता.

परवा त्याचे पत्र आले. आठवड्यातील दोन सकाळी कोड लिहू द्याल तर पद घेईन, असे त्याने वरिष्ठांना कळविले आहे. त्यांचे उत्तर अद्याप यायचे आहे.