वकिलाचा विश्वास कुणाला हवा आहे?

फौजदारी वकिलाला लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, अगदी दवाखान्याच्या बाकावरही एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘‘त्यानं खून केलाय हे कळत असूनही तुम्ही त्याची केस घेता कशी?’’ विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल थोडं आणि ठपका जास्त असतो. वकिलाचं उत्तरही ठरलेलं : ‘‘दोषी कोण ते कोर्ट ठरवतं, आम्ही नाही.’’ उत्तर खोटं नाही, पण त्यानं कुणाचं समाधान होत नाही. कारण विचारणाऱ्यानं मनाशी एक गोष्ट धरलेली असते : सज्जन वकील तो, ज्याचा आपल्या अशिलाच्या निर्दोषपणावर विश्वास आहे, बाकीचे पैशासाठी उभे राहतात. मला ही समजूतच धोक्याची वाटते. वकिलाचा विश्वास ही आरोपीला लागणारी वस्तूच नव्हे, आणि ती अट घातली तर पहिला बळी गरीब आरोपीचा जाईल. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मुंबईच्या कोर्टात दिसत नाही.

‘बार कौन्सिल ऑफ इंडिया’च्या नियमांनी हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं वैयक्तिक मत काहीही असो, त्यानं बचाव करायचा. कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होता कामा नये असं सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा आहे, असा त्या नियमाचा आशय. राज्यघटनेचं 22 वं कलम अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क देतं. त्याला ‘निर्दोष असल्यास’ अशी पुस्ती जोडलेली नाही. पण नियम असणं वेगळं आणि तो मनाला पटणं वेगळं. तो पटायला नंदुरबारकडे पाहावं.

धुळे जिल्ह्याचं विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात सुमारे 69 टक्के आदिवासी, आणि साक्षरता राज्यात सर्वांत कमी. धडगावकडचा पावरा पावरी बोलतो, नवापूरकडचा मावची, अक्कलकुव्याचा भिल्ल आपली भिली. तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. खटल्याचे कागद मात्र मराठीत, आणि तेही पोलिसी मराठीत.

त्या मराठीचा मासला बघण्यासारखा आहे. ‘सदर इसमाने मागील भांडणाची कुरापत काढून, दारूच्या नशेत, फिर्यादीचे भावास जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने कुऱ्हाडीने डोक्यावर मारून...’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठाण्यातली फिर्याद काढा, हे वाक्य थोड्याफार फरकानं सापडतं. सांगणारा सातपुड्यातला, लिहून घेणारा हवालदार, आणि साचा वर्षानुवर्षांचा. सांगणाऱ्यानं आपल्या बोलीत फक्त ‘भांडण झालं, यानं मारलं’ एवढंच सांगितलेलं असू शकतं. ‘जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने’ हे चार-पाच शब्द त्याच्या तोंडचे असतीलच असं नाही. पण पुढचा सगळा खटला त्याच शब्दांवर उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या 103 व्या कलमाखाली खुनाला फाशी किंवा जन्मठेप. तेच मारणं पूर्वनियोजन नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात झालं असेल आणि मारणाऱ्यानं क्रौर्य केलं नसेल, तर 105 वं कलम लागतं आणि शिक्षा दहा वर्षांच्या आत येऊ शकते. जन्मठेप आणि सात-आठ वर्षं यांतलं अंतर म्हणजे माणसाचं सगळं तरुणपण, त्याच्या पोरांचं शिक्षण, घरच्या शेताचा ताबा.

आता सांगा, इथं वकिलानं कशावर विश्वास ठेवायचा? कुऱ्हाड चालली हे आरोपीलाही मान्य आहे. तो ‘निर्दोष’ नाही आणि फिर्याद म्हणते तसा खुनीही नसेल. मारामारीच्या कितीतरी खटल्यांत भांडण असतं ते या मधल्या पट्ट्यातलं : वार किती, हत्यार घरून आणलं की हाताशी होतं, आधी कुणी हात उचलला, वार झाल्यावर हा पळाला की पाणी आणायला धावला. अशिलाच्या निर्दोषपणावर श्रद्धा असलेला वकील ‘तो मी नव्हेच’ अशा पवित्र्यावर सगळं पणाला लावतो, आणि तो बचाव कोसळला की आरोपी थेट जन्मठेपेत जातो. ज्याला श्रद्धा नाही पण शवविच्छेदनाचा अहवाल ओळीओळीनं वाचायची सवय आहे, तो त्याच माणसाची दहा वर्षं वाचवू शकतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. सातपुड्यात आजही पुष्कळ तंटे आधी गावपंचांपुढे जातात. तिथं वकील नसतो. ज्यानं केलं त्यानं बोलायचं, दंड ठरायचा, दोन कुटुंबांत समेट घडवायचा. तिथं नाकारणं हीच नामुष्की. तोच माणूस सत्र न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा राहतो, पुकारा होतो आणि त्याला विचारतात, ‘‘गुन्हा कबूल आहे का?’’ वकिलानं शिकवलेलं असतं, ‘‘नाही म्हण.’’ त्याला वाटतं, आपल्याला खोटं बोलायला लावलं. वाचकालाही तसंच वाटेल. पण त्या ‘नाही’चा कायद्यातला अर्थ ‘मी मारलं नाही’ असा नसतो; ‘सरकारनं ठेवलेला आरोप सरकारनं सिद्ध करून दाखवावा’ एवढाच असतो. आरोपीला शपथ देत नाहीत, आपल्याविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती त्याच्यावर नाही, पोलिसांपुढची कबुली त्याच्याविरुद्ध ग्राह्य नाही. ही सगळी तटबंदी बांधली ती ठाण्यात कबुली कशी मिळवली जाते याच्या अनुभवातून. वकिलाचं काम हा फरक त्या माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगणं. तेवढा वेळ न देता ‘नाही म्हण’ एवढंच सांगणारा वकील कायद्याच्या चौकटीत राहतो, पण अशिलाच्या नजरेत खोटं शिकवणारा ठरतो.

मग अशिलानं वकिलापाशीच सरळ कबुली दिली तर? 1840 साली लंडनमध्ये हा पेच भर खटल्यात उभा राहिला. लॉर्ड विल्यम रसेल यांच्या खुनाबद्दल त्यांचा नोकर कूर्वाझिए याच्यावर खटला चालू होता. चोरीची चांदीची भांडी सापडली आणि त्यानं आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांना सांगून टाकलं, खून मीच केला. पण बचाव चालूच ठेवा. फिलिप्स हादरले. तिथं बसलेले दुसरे न्यायाधीश बॅरन पार्क यांचा त्यांनी सल्ला घेतला. सल्ला असा मिळाला की बचाव सोडता येणार नाही, पुराव्यातून निघणारे सगळे रास्त मुद्दे मांडा. कूर्वाझिए फासावर गेला आणि नंतर फिलिप्स यांच्यावर वर्षानुवर्षं टीका होत राहिली. त्यांनी बचाव केला म्हणून जितकी, तितकीच कबुली ऐकल्यावरही इतरांकडे बोट दाखवलं, या आरोपावरून. मर्यादा नेमकी तिथंच आहे. कबुली ऐकलेल्या वकिलानं खोटा साक्षीदार उभा करू नये, दुसऱ्या निरपराधावर संशय ढकलू नये, न्यायाधीशाला ठाऊक असून चुकीचं सांगू नये. सरकारच्या पुराव्यातली भोकं दाखवणं मात्र त्याला मोकळं आहे. अशिलाची कबुली तो बाहेर फोडू शकत नाही, हेही कायद्यानं बांधलेलं. ती फुटायला लागली तर उद्या एकही आरोपी वकिलाशी खरं बोलणार नाही आणि वकील आंधळेपणानं खटला चालवेल.

सर्वांत बळकट आक्षेप पीडितांच्या बाजूनं येतो आणि तो झटकून टाकता येत नाही. नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरात ‘डाकीण’ ठरवून बाईला मारहाण होते, कधी जीव घेतला जातो. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा झाल्यावरही ते संपलेलं नाही. अशा खटल्यात मेलेली म्हातारीही आदिवासीच, आरोपीहून दुबळी. आरोपी मनापासून मानतो की तिनं आपलं पोर खाल्लं. सुशिक्षित वकिलाला त्याची किळस येईल, येऊही दे. पण म्हातारीच्या बाजूनं तिथं सरकारी वकील आहे, तपास यंत्रणा आहे, अख्खं राज्य फिर्यादी आहे. जमावातल्या वीस नावांपैकी खरोखर काठी कुणी उचलली आणि जुन्या वैरातून कुणाचं नाव घुसडलं, हे बचावाची उलटतपासणी झाल्याशिवाय कळत नाही. खरे मारेकरी वेगळे काढले गेले तर त्यात त्या म्हातारीचाही न्याय आहे. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारायला कायद्यानं मनाई केली आहे, ती याच कारणानं योग्य आहे : त्या प्रश्नांनी पुरावा तपासला जात नाही, फक्त माणूस चिरडला जातो.

विश्वासाची अट घातली तर काय होतं, याचं उत्तर नाशिकमध्ये आहे. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचा जीव गेला, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडण्यात आलं. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्यांनाच फाशी सुनावली. तीन पायऱ्यांवरच्या न्यायाधीशांची खात्री पटली होती. साध्या माणसाचा काय पाड! पुढे फेरसुनावणी झाली. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्या दिशेनं तपासच झाला नव्हता, हे समोर आलं. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर त्यांची सोळा वर्षं गेली होती. ‘आधी मला पटव, मग मी उभा राहतो’ असं 2009 नंतरच्या वकिलानं म्हटलं असतं, तर त्याला पटवून द्यायला कोण येणार होतं?

26/11 च्या खटल्यातही हेच दिसतं. कसाबसाठी नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरावर मार्च 2009 मध्ये जमाव चालून गेला. त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोघे भारतीय आरोपी होते. फहीमचे वकील शाहिद आझमी यांची 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यात हत्या झाली. तीन महिन्यांच्या आत, 3 मे रोजी, न्यायालयानं कसाबला दोषी ठरवलं आणि त्या दोघांना सोडलं; सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहेत.

मात्र या थोर उदाहरणांनी एक गैरसमज होतो, की आरोपीचा घात वकील नाकारतो तेव्हाच होतो. आपल्याकडे घात बहुधा वकील मिळाल्यावर होतो. आदिवासी आरोपीला, त्याचं उत्पन्न न पाहता, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील मिळतो. आता लोकअभिरक्षकांची कार्यालयंही झाली आहेत. पण सातपुड्याच्या पलीकडे खंडव्यात 2013 साली काय झालं ते पाहा. अनोखीलाल नावाच्या तरुणाला सरकारी खर्चानं वकील मिळाला तो आरोप निश्चित झाले त्याच दिवशी, आणि पंधरवड्याच्या आत फाशी सुनावली गेली. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला आणि म्हटलं, फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमा, तयारीला किमान सात दिवस द्या. फेरखटल्यात पुन्हा फाशी झाली, पुन्हा रद्द झाली आणि 2024 मध्ये तो निर्दोष सुटला. त्या पहिल्या वकिलाचा त्याच्यावर विश्वास होता की नव्हता, हे विचारण्यातही अर्थ नाही. विश्वास असता तरी एका दिवसात त्यानं काय वाचलं असतं?

मनातून ‘यानंच केलंय’ असं ठरवून वकीलपत्र घेणारा आणि मग तारखांवर तारखा घालवणारा वकील, वकीलपत्र नाकारणाऱ्याहून जास्त नुकसान करतो; कारण कागदोपत्री बचाव झालेला असतो आणि अपिलात सांगायला काही उरत नाही. त्याची शंका चुकीची नसते, तिची दिशा चुकलेली असते. वकिलाला शंकेखोर असायला पैसे मिळतात. ती शंका त्यानं पंचनाम्यावर घ्यावी, अशिलावर नव्हे.

म्हणून फौजदारी वकील भेटला की ‘तुमचा त्याच्यावर विश्वास आहे का’ हे विचारणं सोडून द्यावं. विचारायचंच तर हे विचारावं : तुरुंगात जाऊन त्याला भेटलात का? त्याची बोली जाणणारा माणूस बरोबर नेला होता का? पंचांनी सही पंचनामा वाचून केली की कोऱ्या कागदावर, हे तपासलंत का? जामीन मंजूर होऊनही सातबारा असलेला जामीनदार मिळेना म्हणून तो आत राहिला, तेव्हा अट शिथिल करायचा अर्ज दिलात का? या चार प्रश्नांना ‘हो’ म्हणणाऱ्या वकिलाचा अशील कदाचित दोषी ठरेल, आणि ती शिक्षा आपल्याला निर्धास्तपणे मान्य करता येईल. चारही उत्तरं ‘नाही’ असतील, तर खरा गुन्हेगार आत गेला असला तरी तो नुसता योगायोग समजावा.