माळ्यावरची पानं

आमचे चिरंजीव लिनक्सवाले. मेमरी भरत आली, की कर्नल ४ किलोबाइटची पानं उचलून डिस्कवर, म्हणजे 'स्वॅप'मध्ये टाकतो म्हणे. आपला माळाच की! कुठली पानं? बराच वेळ कुणी हात न लावलेली. २ मेगाबाइटची राखीव लठ्ठ पानं मात्र जागची हलत नाहीत. (मोठ्यांचं सगळीकडे असंच.) टाकलेलं पान पुन्हा लागलं, तर त्याला म्हणायचं 'पेज फॉल्ट'. विसरणार आपण, फॉल्ट पानाचा!

पण निरुपयोगी कोण आणि नुसतं दुर्लक्षित कोण, हे कर्नलला कसं कळावं? मला तरी कुठं कळतं? आतल्या खोलीत आई बसली होती. आठवडाभर औषधाखेरीज तिला कुणी हाक मारली नव्हती.

"आई, चहा घेतेस?"

उत्तराला वेळ लागला. डिस्कवरून यायचं म्हणजे लागतोच.

"मला विचारतोयस?"