आधी कारण लिही, मग क्रमांक

ती वही इकडे आण. गणिताची नको, जिच्या मागच्या पानांवर सिनेमांची यादी आहे ती. आणि बाकीच्यांनी हसायचं काम नाही. तुमच्याही दप्तरांत अशाच याद्या आहेत, मला ठाऊक आहे.

यादी केलीस म्हणून मी रागावलेलो नाही. आवडीनिवडी ठरवायचं आणि त्यावर मित्रांशी भांडायचं हेच वय आहे. मी रागावलोय तो काल मधल्या सुट्टीतल्या तुझ्या वागण्यावर. मित्राने ‘शेरनी’ पहिल्या क्रमांकावर लिहिला, तर तू त्याची वही सगळ्यांसमोर उंच धरून हसलास. यात मारामारी कुठे आहे, या सिनेमाने कमावलं किती, असं विचारत सुटलास.

त्याने उत्तर दिलं होतं. ते तुझ्या कानापर्यंत पोचलं का? नागझिऱ्याच्या जंगलाला लागून त्याचं गाव आहे. उन्हाळ्यात त्याची आई पहाटे मोहफुलं वेचायला जाते आणि ती घरी येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. आपल्या शेजारच्या बालाघाटच्या जंगलात चित्रित झालेल्या या सिनेमात गावाच्या चराईच्या जागेवर झाडं लावली जातात, मग गुरं घेऊन लोकांना वाघिणीच्या जंगलात शिरावं लागतं. तो म्हणाला, ‘आमच्या गावचं भांडण मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं.’ हे कारण आहे. तुझ्याकडे त्यावर काय होतं? फक्त हसू.

मीही पाहिलाय ‘शेरनी’. अमित मसुरकरांचा, 2021चा. माझ्या यादीत तो पहिला नसता. त्यातला हौशी शिकारी मला फारच एकरंगी वाटला. इतक्या बारकाईने जंगल पाहणाऱ्या दिग्दर्शकाने माणूस असा सोपा का केला, असं वाटत राहिलं. हे मी तुझ्या मित्राला सांगणार आहे, आणि तो माझ्याशी भांडेल. भांडू दे. असल्या भांडणात दोघेही सिनेमाकडे पुन्हा वळतात.

आता तुझी यादी. पहिला ‘केजीएफ 2’. का? तर हजार कोटी कमावले. अरे, तो निर्मात्याचा हिशोब झाला, तुझं मत कुठे आहे? आणि कमाईच मोजायची, तर शंभर कोटींच्या वर गेलेला मराठी ‘सैराट’ तुझ्याकडे सातवा कसा? तर म्हणे शेवट कंटाळवाणा. अडीच तास अजय-अतुलच्या गाण्यांवर ज्या प्रेक्षकाला नाचवलं, त्यालाच नागराज मंजुळे शेवटी आवाजाशिवाय का सोडतात? ते लाल पावलांचे ठसे आपल्याला एकही सूर न ऐकता का बघावे लागतात? उत्तर शोधूनही तुला तो शेवट आवडला नाही, तर खुशाल सातवा ठेव. न शोधता ठेवलास, याचा मला राग आहे.

‘फँड्री’ यादीत नाहीच. तू म्हणालास, त्यातला शेवटी भिरकावलेला दगड रीलवर पाहिलाय. दगड पाहिलास, पण त्याआधी डुकराच्या मागे धावणारं ते कुटुंब? शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी थांबतात आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर निसटतं, ते पाहिलंस? तो अपमान सोसल्याशिवाय तो दगड कळत नाही. ‘कोर्ट’ही नाही. त्यातल्या शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. 2021मध्ये ते गेले. नाव तरी ऐकलंयस का?

तुला वाटतं क्रमांक लागला की प्रश्न मिटला. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक 1952पासून दर दहा वर्षांनी जगातल्या जाणकारांना सर्वोत्तम सिनेमे विचारतं. 1941चा ‘सिटिझन केन’ त्यांच्या पहिल्या यादीत वरच्या दहांत नव्हता. पुढे 1962 ते 2002 तो सलग पहिला राहिला. 2012मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याला मागे टाकलं, आणि 2022मध्ये बेल्जियमच्या शांताल आकरमान या बाईंचा, एका गृहिणीचा स्वयंपाक आणि घरकाम तीन तासांहून जास्त वेळ दाखवणारा सिनेमा पहिला आला. सिनेमे तेच होते, पाहणारे बदलले. आणि तिथे प्रत्येकाकडून फक्त दहा नावं घेतात. त्यातला पहिला आणि दहावा यांना मत एकच. सिनेमात हयात घालवलेल्यांना क्रमांकाची एवढी घाई नाही. तुझी यादी मात्र आठवीत होती तशीच अकरावीत आहे. तीन वर्षांत तुला काहीच नवं दिसलं नाही?

तुला कळत नाही असं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून आलास, डोळे लाल होते, आणि दारातच मला सांगत होतास की दुसऱ्या अंकात खलनायक नुसता ओरडतो म्हणून त्याची भीती वाटत नाही, आणि बापाचं काम करणारा नट पाठमोरा उभा राहून रडवतो. कुणी शिकवलं होतं तुला हे? रात्रभर सतरंजीवर बसून तू स्वतः पाहिलंस. तीच नजर सिनेमाला का देत नाहीस? मोबाइलवर दीडपट वेगाने पाहायचं, गाणी पुढे ढकलायची, आणि वर निकाल द्यायचा!

आता ऐक. मित्राची वही आत्ता, सगळ्यांसमोर, त्याच्या हातात दे आणि माफी माग. सोमवारी तुझ्या यादीतले फक्त पहिले तीन सिनेमे घेऊन ये. प्रत्येकाखाली एक प्रसंग लिही, तुला त्यात काय दिसलं ते लिही. ‘मस्त’, ‘भारी’, ‘सुपरहिट’ असले शब्द दिसले तर पान फाडून पुन्हा लिहायला लावीन. रविवारी याच्या गावी जा, याच्या शेजारी बसून ‘शेरनी’ पूर्ण पाहा, आणि त्याची आई घरी असेल तर चराईचं काय झालं ते तिला विचार. परत आल्यावर ‘शेरनी’ला शेवटचा क्रमांक द्यायचा असेल तर दे. मी कारण वाचेन.