सुगीतली आणि दुष्काळातली उपकारस्तुती

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वसईपासून मुंबईच्या जुन्या गावठाणांपर्यंत ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आगेरा साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये येतात, धर्मगुरू त्यांच्यावर आशीर्वाद मागतात आणि मग त्या वाटल्या जातात. अनेक गावठाणांभोवती आता शेताचा तुकडाही उरलेला नाही. लोंब्या दुसरीकडून आणाव्या लागतात. शेत गेलं, सण राहिला. ज्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, तिच्या पिकाबद्दल हे लोक देवाचे आभार कसे मानतात, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. मला त्यात ख्रिस्ती उपकारस्तुतीचं मूळच दिसतं. ती आजच्या मिळकतीची पोचपावती नाही, ती आठवण आहे.

जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात, 26 व्या अध्यायात, पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीपाशी आलेल्या शेतकऱ्याने काय बोलायचं ते सांगितलं आहे. यंदा पीक किती आलं, हे त्याने सांगायचं नाही. आमचा पूर्वज बेघर भटकत होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, आम्हाला छळलं, आम्ही आक्रोश केला, इथून त्याने सुरुवात करायची. टोपली भरलेली, आणि ओठांवर गुलामगिरी! त्यानंतर जेवायला बसायचं ते जमीन नसलेल्या लेवी वंशातल्या माणसाला आणि गावातल्या परक्याला सोबत घेऊन. चांगल्या दिवसांतली कृतज्ञता किती अवघड आहे, हे या विधीच्या कर्त्याला नेमकं ठाऊक असावं. पोट भरलं की माणूस आपल्या कष्टांचा हिशेब मांडू लागतो आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा त्याला विसर पडतो.

वाईट दिवसांबद्दल मात्र आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये फार घाईने बोललं जातं. घरातून प्रेत उचललं जाण्याआधीच कुणीतरी सांगतं, सर्व परिस्थितीत देवाचे आभार मानायचे असतात. हे ऐकलं की मला राग येतो. हा उपदेश पौलाचा आहे. पण फिलिप्पैत फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री सीलासोबत गाणारा हा माणूस होता. आपल्या जखमांबद्दल बोलण्याचा हक्क त्याला होता. दुसऱ्याच्या जखमेवर उभं राहून तेच बोलण्याचा हक्क कुणालाच नाही. बायबल तर तक्रारीला भरपूर जागा देतं. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत, आणि 88 वं तर अंधारातच संपतं. त्याच्या शेवटी कुणी दिवा आणून ठेवलेला नाही. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात आहे, कारण त्या काळोखातही बोलणारा देवाशीच बोलतो आहे. ज्याच्याकडे रडता येतं, त्याचेच आभार मनापासून मानता येतात, असं मला वाटतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या संदर्भात पुन्हा पुन्हा वाचावं. 1870 च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. हातात लहानगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग 1896-97 चा दुष्काळ आला, तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. आपली उपासमार त्या विसरल्या असत्या, तर ही धाव त्यांनी घेतली असती का? 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या दुष्काळातली वणवण लपवत नाहीत आणि देवाचे उपकारही मानतात. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

पुढे 1921 मध्ये मनोरमा वारली. आईचं काम पुढे चालवील अशी जिच्यावर भिस्त होती, ती लेक आईच्या आधी गेली. रमाबाई त्या वेळी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवत असत. ते काम त्यांनी थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्या मनात काय होतं, ते आपण ठरवू नये. त्यांचं काम चालू राहिलं एवढं दिसतं, आणि मला ते बोललेल्या कोणत्याही स्तुतीपेक्षा मोठं वाटतं.

उपकारांच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि मराठी ख्रिस्ती माणसाला ती चांगली ठाऊक आहे. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाटल्याचा टोमणा ऐकावा लागला. मिशनच्या आवारातही माणसाने अन्न देणाऱ्यापुढे मान खाली घालून राहावं, अशी अपेक्षा असेच. देवाचे आभार मानणं याच्या नेमकं उलट आहे. भाकरी देवाची असेल, तर वाढणारा आणि खाणारा एकाच पंगतीतले. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा मांडला, तेव्हा मिशनच्या चाकरीपलीकडची ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती. मिशनचे उपकार त्यांनी नाकारले नव्हते.

म्हणून कृतज्ञ माणसाने गप्प बसावं, हे मला पटत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात सुगीच्या उपासनेत ज्वारीची कणसं आणि कोंबडी अर्पण करणारी बाई देवाचे आभार मानते आणि मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारशी भांडतेही. तिचं भांडण तिच्या प्रार्थनेत मोडत नाही असं सांगणाऱ्या पाळकाने अनुवादाचा 26 वा अध्याय पुन्हा उघडावा. त्या शेतकऱ्याच्या तोंडी आभारांच्या आधी आक्रोश आहे, आणि तो वेदीसमोर मोठ्याने म्हणायचा आहे.