यतीमाचा माल आणि रानपिंगळा

एखादी वस्तू ताब्यात असणे वेगळे आणि ती मालकीची असणे वेगळे. हा फरक आपल्या घरांत लहानपणीच शिकवला जातो. शेजाऱ्याने ठेवायला दिलेले दागिने ही अमानत. ती आपण मोडत नाही. पण शेजारी निदान परत येऊन मागू शकतो. ज्याला मागताच येत नाही त्या यतीम पोराचे काय? आणि यतीमाहूनही मुके असलेले जंगलातले एखादे पाखरू, त्याचे काय?

मी बोलतो आहे ते रानपिंगळ्याबद्दल. वीतभर लांबीचे हे घुबड दिवसाही शिकार करते. १८७२ साली ते छत्तीसगडच्या बाजूला प्रथम मिळाले आणि १८७३ मध्ये ह्यूमसाहेबांनी, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतलेल्या त्याच ह्यूमसाहेबांनी, त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ मध्ये खानदेशात मिळालेल्या नमुन्यानंतर मात्र ते जणू नाहीसेच झाले. सलीम अलींसारख्यांनी शोधूनही सापडले नाही. शोध भरकटला त्याचे एक कारण होते खोटी साक्ष. मायनर्ट्झहेगन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण हा पक्षी टिपल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने ही लबाडी ओळखली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांच्या तुकडीला शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचा माग काढला. मेळघाटातही तो आढळला. बरीच वर्षे तो जगाच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' होता. २०१८ मध्ये तो 'संकटग्रस्त' या पायरीवर आला. तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे.

आम्हा वर्धेकरांना मेळघाट परका नाही. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा आणि त्याच्या उत्तरेला सातपुड्यात मेळघाट. तिथे रानपिंगळ्याचे शेजारी आहेत कोरकू. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, शिकारीसाठी थोडे मोकळे रान लागते. वृक्षतोड, वणवे, चराई आणि घुबडाबद्दलच्या अंधश्रद्धा यांनी त्याचा घात होतो. म्हणजे त्याला वाचवायचे तर शास्त्रज्ञ, वनखाते आणि गाव यांना एकत्र बसल्यावाचून गत्यंतर नाही.

आता प्रश्न असा, की या बैठकीत त्यागाची गोष्ट कुणापुढे मांडायची? यतीमाच्या मालाबाबत सूरए निसामध्ये जी शिकवण आहे ती मला इथे फार मोलाची वाटते. वली सधन असेल तर त्याने यतीमाच्या मालापासून दूर राहावे. वली गरीब असेल तर रीतीप्रमाणे, गरजेपुरते घ्यायला हरकत नाही. किती साधा न्याय! आणि जंगलाच्या बाबतीत आपण तो नेमका उलटा केला. मोळी आणणाऱ्या बाईला आपण विचारतो, लाकूड का तोडलेस? आपल्या दिवाणखान्यातला सागवानी सोफा कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नाही. गुरे चारणाऱ्याला दंड, जीपमधून वाघ पाहायला येणाऱ्याचे स्वागत. संयम गरिबाने पाळायचा आणि उपभोग सधनाने घ्यायचा!

मशवरा हा आपल्या दीनमध्ये ऐच्छिक शिष्टाचार नाही. कुराणात एका सूरहचे नावच शूरा आहे. इकडे पवनारला राहिलेले आणि कुराणातील निवडक आयतींचे संकलन केलेले विनोबाही बहुमताऐवजी सर्वसंमतीचा आग्रह धरीत. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही वन्यजीवांसाठी गाव हलवण्यापूर्वी ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरवली आहे. पण निर्णय आधी घेऊन मग अंगठे घ्यायचे, याला मशवरा म्हणत नाहीत. मेळघाटातून बाहेर वसवलेल्या गावांतली काही कुटुंबे दिलेला शब्द पाळला गेला नाही म्हणून जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. त्यात दोन्हीकडची माणसे जखमी झाली. पाखराचे भले कुणाचेच झाले नाही.

आपल्याला वगळून आपल्याविषयी ठरवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. पण मोहल्ल्याच्या बैठकीत आपण आपल्या आयाबहिणींना किती वेळा विचारतो? ज्याला वगळले जाण्याचे दुःख ठाऊक आहे, त्याच्यावर दुसऱ्याला न वगळण्याची जबाबदारी जास्त येते.

कुणी म्हणेल, उद्या सगळ्यांनी एकमताने ठरवले की घुबड नको, मग? माझे उत्तर स्पष्ट आहे. वलींनी एकमत केले म्हणून यतीमाचा माल त्यांचा होत नाही. ज्या बैठकीत ते पाखरू नाही आणि उद्या जन्मणारी माणसेही नाहीत, तिला एखादी जात पृथ्वीवरून कायमची पुसण्याचा अधिकार नाही. मात्र गावाला एक अधिकार नक्की आहे: हे ओझे आम्ही एकट्याने का वाहायचे, असे विचारण्याचा. तो प्रश्न आला की उत्तर देण्याची पाळी आपली, म्हणजे शहरात राहणाऱ्या सधन वलींची. सरपणाऐवजी गॅस, चराईऐवजी चारा, बुडालेल्या मजुरीची भरपाई, याचा खर्च कोण उचलणार, हे त्या बैठकीत सर्वांत आधी ठरले पाहिजे. पाखरांच्याही तुमच्यासारख्याच उम्मती आहेत असे मानणाऱ्या धर्माची आपण माणसे आहोत. तेव्हा हिशेब द्यायला आपणच पहिल्यांदा पुढे व्हावे, हे बरे.